ऑलवेनची तिकिटं

क्वमडेरवेन, १४ सप्टेंबर २००९

प्रिय बोपा,

फोनवर तुला काही ऐकू येत नाही आणि गेनर तुझ्या कानाशी ओरडून स्वतःचा घसा बसवून घेते, म्हणून हे पत्र. तर ऐक, म्हणजे वाच: मी आपल्या खाणकामगारांच्या वेल्फेअर हॉलची चिटणीस झाले! बिनविरोध. डॅड म्हणतात, दुसरं कुणी उभंच नसलं की त्याला बिनविरोध नाही, फसवणूक म्हणतात. तू टेनबीला लेकीकडे राहायला गेलीस आणि शुक्रवारच्या रॅफलच्या सोडतीला वाली उरला नाही. सध्या दारावर डिल्विनकाका तिकिटं विकतात आणि पिंप मी फिरवते.

छप्पर फारच गळतंय. परवा गायकांच्या तालमीत खालच्या आवाजाची सगळी रांग बादल्यांच्या मधून वाट काढत उभी होती. दर शुक्रवारी बक्षिसाला कोकराची एक तंगडी लावून हे छप्पर होणार नाही. म्हणून नाताळला मोठी लॉटरी काढायची असं मी मांडलं. आजवर आपण हॉलमध्येच तिकिटं विकली आणि त्याच संध्याकाळी सोडत काढली, त्यामुळे कुणाची परवानगी लागली नाही. आता खाटकाकडे, बेटीच्या केस कापायच्या दुकानात, खालच्या गावातही तिकिटं ठेवायची तर संस्थेची कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते. मी सगळे नियम वाचले आहेत. पैसा कुणाच्या खिशात जाता कामा नये, सोडत उघड आणि प्रामाणिक व्हायला हवी, आणि प्रत्येक तिकिटावर जबाबदार व्यक्तीचं नाव छापायचं. ते नाव माझं असेल, बोपा. ममने आत्ताच सांगून ठेवलंय, पहिलं तिकीट चौकटीत लावायचं, माझ्या पदवीच्या शेजारी.

आणखी एक कल्पना आहे. मिसेस प्रॉसर, त्या कोटांच्या खुंट्यांखाली बसतात ना? बर्फ पडो, वारा सुटो, एकही शुक्रवार चुकवत नाहीत. एक पट्टी तिकिटं घेतात, सोडत संपेपर्यंत बसतात, कधीच जिंकत नाहीत, तरी पुढच्या शुक्रवारी हजर. या हॉलवर इतका जीव दुसऱ्या कुणाचा आहे? त्यांना समितीत घ्यावं असं मला वाटतं. लाजऱ्या आहेत, पण मी बोलेन त्यांच्याशी.

तू कशी आहेस? समुद्राचा वारा मानवतो का?

तुझी नेरिस

*

टेनबी, २२ सप्टेंबर

चिटणीस बाई,

तुझं पत्र गेनरने वाचलं, मी वाचलं आणि मग तिचं मांजर त्याच्यावर बसलं. आम्हा तिघींनाही आनंद झाला. तू मला बोपा, मावशी म्हणतेस; मी तुझी रक्ताची कुणी नव्हे, पण तुझी आई कारखान्यात पाळ्या करायची तेव्हा तू माझ्या ओट्यावर बसून पाढे म्हणायचीस. त्यामुळे तुझ्या पदवीतला एक तुकडा माझा, आणि ते मी इथे समुद्रावरच्या सगळ्या म्हाताऱ्यांना सांगून ठेवलंय.

आपल्या तंगडीत कौन्सिलला नाक खुपसायला द्यायचं हे मला पटत नाही. पण छप्पर गळतंय हे खरं. कर तुझी नोंदणी.

एवढं मात्र ऐक. दारावर डिल्विनलाच राहू दे. तिकिटं विकायची पद्धत त्याला माहीत आहे, मीच शिकवली. तू आपली पिंप फिरव, नंबर पुकार, छान दिस.

आणि ऑलवेन प्रॉसरला समितीचं काही विचारू नकोस. तिला आवडणार नाही. काही माणसांना खुंट्यांखालीच बरं वाटतं. यावर परत पत्र लिहायची गरज नाही.

इथला वारा मीठ घातलेला आहे. गेनरचा स्वयंपाक तसा नाही.

तुझी बोपा ग्लेनिस

*

क्वमडेरवेन, १० ऑक्टोबर

बोपा,

काल जे झालं ते मला अजून खरं वाटत नाही.

डिल्विनकाका तापाने पडलेत, म्हणून दारावर मी बसले. मिसेस प्रॉसर आल्या, नेहमीसारखी नाणी टेबलावर ठेवली. मी पट्टी फाडली, अर्धी तिकिटं त्यांच्या हातात दिली, त्याच नंबरांची दुसरी अर्धी पिंपात टाकली. सगळ्यांची टाकते तशीच. त्या क्षणभर माझ्या हाताकडे बघत राहिल्या. मला वाटलं, सुट्टे हवेत.

मागच्या आठवड्याची विजेती बेटी. रीतीप्रमाणे तिने पिंपात हात घातला. मी पुकारलं, "निळं, एकशे सत्तेचाळीस!" कुणी उठेना. मग मला दिसलं, मिसेस प्रॉसरनी तिकीट बघितलं आणि मांडीवर पालथं ठेवलं. मला वाटलं, लाजल्या. मी तंगडी उचलून त्यांच्याकडे गेले.

"मिसेस प्रॉसर, तुमचाच नंबर!"

"नाही बाळ. काहीतरी चुकलंय. दुसरं काढ."

आणि मी मूर्ख, हसले! तंगडी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि मोठ्याने म्हणाले, "टाळ्या!" टाळ्या वाजल्या त्या फक्त माझ्याच.

मग खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. आपले अध्यक्ष आयवरकाका, त्यांच्या टेबलावरच्या सगळ्यांनी खुर्च्या फिरवल्या आणि त्यांच्याकडे पाठ केली. मग पुढच्या टेबलाने, मग खिडकीजवळच्या बायकांनी. घाई नाही, राग नाही, जणू हे त्यांना पाठ होतं. बोपा, ममनेसुद्धा. माझी मम, जी भटक्या कुत्र्याला बशीतून दूध देते, तिने खुर्ची फिरवली.

मिसेस प्रॉसर उठल्या, तंगडी काखेत धरली आणि बाहेर गेल्या. स्वयंपाकघरात आयवरकाकांनी मला गाठलं.

"तिची तिकिटं पिंपात टाकायला तुला कुणी सांगितलं?"

"मग कुठे टाकायची?"

"पदवीला हे शिकवत नाहीत वाटतं. तुझ्या बोपाला विचार."

घरी येताना डॅड एवढंच म्हणाले, "सगळं नीट चाललं होतं गं." आज सकाळी हॉल उघडायला गेले तर पायरीवर ती तंगडी. कागदसुद्धा सोडलेला नव्हता.

मला जे वाटतंय ते खरं नाही असं लिही. लगेच लिही.

नेरिस

*

टेनबी, १५ ऑक्टोबर

नेरिस,

खरं आहे.

तिचं तिकीट पिंपात कधीच जात नव्हतं. माझ्या एप्रनच्या खिशात जायचं आणि घरी आल्यावर शेगडीत. नंतर डिल्विन त्याच्या जाकिटाच्या खिशात टाकू लागला. हे कुठल्या सभेत ठरलं नाही, कुणी कुणाला सांगितलं नाही, आणि सगळ्यांना माहीत होतं.

तू तेव्हा जन्मायची होतीस. पंच्याऐंशीचा फेब्रुवारी. कोळशाच्या खाणी बंद पाडायला निघालेल्यांच्या विरुद्ध आमचा संप, त्याला वर्ष होत आलं होतं. त्याच हॉलमध्ये आम्ही बायका साऱ्या गावाला जेवू घालायचो. बटाटे, डब्यातल्या शेंगा, कुठल्या कुठल्या अनोळखी माणसांनी पाठवलेली पिठाची पोती. गेनर बुटात पुठ्ठा घालून शाळेत जायची. माझा नवरा एमलिन आणि त्याच्या बरोबरीचे, कुणी कामावर जाऊ नये म्हणून पहाटेपासून खाणीच्या फाटकावर उभे राहायचे. आणि एका सकाळी खिडक्यांना जाळ्या लावलेली बस आली, दोन्ही बाजूंनी पोलीस, आणि आत संप मोडून कामावर निघालेला एकच माणूस. रे प्रॉसर, ऑलवेनचा नवरा. आपल्या गावातून एकटा. त्यानंतर संप टिकला तो पुरता महिनाही नाही. तेवढंही त्याला थांबता आलं नाही.

रेने त्यानंतर हॉलमध्ये पाऊल ठेवलं नाही. पण पुढच्या हिवाळ्यात एका शुक्रवारी ती आली. माझ्यासमोर नाणी ठेवली. अख्खा हॉल माझ्याकडे बघत होता. मी तिला हाकललं नाही, एवढं लक्षात ठेव. पैसे घेतले, तिकीट दिलं. दुसरा अर्धा भाग पिंपात टाकायला हात उचललाच नाही. खिशात गेला. मी काही ठरवून केलं नव्हतं. पुढच्या शुक्रवारी मात्र ठरवून केलं.

आणि तिला फसवलं असं म्हणू नकोस. ती माझ्यासमोर हातभर अंतरावर उभी असायची. डोळ्यांनी बघायची.

तू मला नियम लिहून पाठवशील, म्हणून आधीच सांगते. त्या वर्षी कायदा त्या बसच्या बाजूने होता. मला कायदा शिकवू नकोस.

ग्लेनिस

*

क्वमडेरवेन, २६ ऑक्टोबर

बोपा,

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस ममशी बोलले नाही. मग मिसेस प्रॉसरकडे गेले. हॉलच्या वतीने माफी मागायची आणि पुढच्या शुक्रवारी त्यांना हाताला धरून परत आणायचं, असं मनात होतं. मी काय चित्र रंगवलं होतं ते आठवलं तरी आता लाज वाटते.

त्यांनी चहा केला, मनुकांच्या ब्रेडला लोणी लावलं.

मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"डोळे शाबूत आहेत माझे."

"मग इतकी वर्षं तिकिटं का घेतलीत?"

"तिकिटं कोण घेत होतं? खुर्चीचं भाडं होतं ते, पोरी." ब्रेडचे तुकडे करत करत त्या बोलत होत्या. "माझं तिकीट पिंपात नव्हतं तोवर मला तिथे बसता येत होतं. कुणी बोलायचं नाही, पण कुणी उठवायचंही नाही. चहाचा कप यायचा. कोण बाळंत झालं, कोण गेलं, सगळं कानावर पडायचं. तू कॉलेजला लागलीस ते मला तिथेच कळलं. रे गेला त्या आठवड्यात कुणी दार वाजवलं नाही, पण शुक्रवारी चहाच्या बशीत दोन बिस्किटं जास्त होती. ग्लेनिसने ठेवलेली. आणि तू मला जिंकवलंस. संपलं."

मी रडायला लागले. त्यांनी भांडी पुसायचं फडकं माझ्या हातात दिलं. "घरी जाऊन रड. इथे चहा गार होतोय."

निघताना दारात त्या म्हणाल्या, "तुझ्या बोपाला एवढं विचार, त्या सकाळी एमलिनचे बूट कुठे होते?"

मला कळलं नाही. म्हणून त्यांनी सांगितलं. म्हणे, बसमध्ये दोघं चढणार होते. रे आणि एमलिनकाका. याच स्वयंपाकघरात, याच टेबलाशी बसून दोघांनी ठरवलं होतं, एकट्याने जायचं नाही. रे कोपऱ्यावर उभा राहिला. एमलिनकाका आलेच नाहीत. बस थांबली, दार उघडलं, पोलीस म्हणाला चढ लवकर, आणि रे चढला.

बोपा, फाटकावर सगळ्यांच्या पुढे उभ्या असलेल्या एमलिनकाकांचा फोटो हॉलमध्ये स्टेजच्या बाजूला आहे. मी लहानपणापासून त्याला रोज बघत आलेय. मिसेस प्रॉसर खोटं बोलतात असं लिही, मी विश्वास ठेवीन.

अर्ज मी भरलाय. पण आयवरकाकांनी समितीत सांगून टाकलं, "तिची तिकिटं आत, तर आम्ही बाहेर." मी म्हणाले, एकाचं जरी तिकीट बाहेर राहणार असेल तर माझं नाव कुठल्याच तिकिटावर छापणार नाही. ते म्हणाले, "मग गळू दे छप्पर." आणि खरंच, बोपा, त्यांना ते चालणार होतं.

नेरिस

*

क्वमडेरवेन, ९ नोव्हेंबर

बोपा,

तुझं उत्तर नाही. गेनरला फोन केला. ती म्हणते, तू बरी आहेस, पण जेवणाच्या टेबलाशी बसून राहतेस.

नोंदणी झाली. कौन्सिलचं पत्र हातात आलं तेव्हा नाचेन असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. आयवरकाकांनी अध्यक्षपद सोडलं. खाटकाने तिकिटांची पुस्तकं न बोलता परत केली. बेटीने ठेवून घेतली. डिल्विनकाका काही बोलत नाहीत, पण शुक्रवारी येऊन दारावर बसतात. मिसेस प्रॉसर मात्र येत नाहीत. मी त्यांच्या घरी तिकिटं घेऊन गेले. पडदा हलला, दार उघडलं नाही.

मी सगळं प्रामाणिक करायला गेले आणि एका बाईची बसायची एकुलती जागा घालवली. तू काहीतरी लिही. रागावून का होईना.

नेरिस

*

टेनबी, २३ नोव्हेंबर

नेरिस,

बूट कोळशाच्या बादलीत होते. मी लपवले होते, वर कोळसा टाकून.

आदल्या दिवशी तो जेवला नाही. कपडे घडी करून खुर्चीवर ठेवताना बघितलं आणि मला कळलं. सकाळी त्याने घरभर बूट शोधले. मला विचारलं नाही, मी सांगितलं नाही. शेवटी मोजे घालून जिन्यावर बसला. बस आमच्या खिडकीखालून गेली. रेने वर बघितलं. एमलिननेही खाली बघितलं. दुसऱ्या दिवशी बूट दाराशी ठेवले आणि तो फाटकावर गेला, सगळ्यांच्या पुढे जाऊन उभा राहिला. तू म्हणतेस तो फोटो त्या दिवसाचा आहे.

तो मरेपर्यंत आम्ही त्यावर बोललो नाही. रे समोरून आला की तो रस्ता ओलांडायचा. लोकांना वाटायचं, केवढा ताठ माणूस.

बसमध्ये दोघं असते तर माझी तिकिटं कुणाच्या खिशात गेली असती, हे तू विचारणार. विचारू नकोस. दर शुक्रवारी ती नाणी ठेवायची तेव्हा मी हेच बघत होते. म्हणूनच हात पिंपाकडे जात नव्हता. तिचं तिकीट निघालं असतं, ती उभी राहिली असती, सगळ्यांच्या तोंडाकडे बघत बोलली असती, तर?

तिने इतक्या वर्षांत एकदाही तोंड उघडलं नाही. तुझ्याजवळ पहिल्यांदा.

काल ऑलवेनला फोन केला. गेनरने नंबर लावून दिला, तिला मी बागेत पाठवलं. मी म्हणाले, "ग्लेनिस बोलतेय." पुढे मला नुसती गुणगुण ऐकू आली. मी आपली म्हणतेय, "काय? काय म्हणतेस?" आणि ती बोलतेय, बोलतेय. मी फोन खाली ठेवला नाही. गुणगुण थांबली तेव्हा म्हणाले, "शुक्रवारी जा गं." तिला ऐकू गेलं की तोवर तिने ठेवून दिला होता, देवाला माहीत.

आयवरला बुटांचं लिहून कळवलंय. त्याला काय करायचं ते करू दे. गेनरला सांगायचं राहिलंय. ती अजून बापाच्या त्या ताठ मानेच्या गोष्टी तिच्या मुलांना सांगते.

बोपा

*

क्वमडेरवेन, १९ डिसेंबर

बोपा,

काल सोडत झाली. आधी वाईट ते सांगते.

तुझं पत्र मिळाल्यावर आयवरकाका हॉलमध्ये आले आणि कुणाशी न बोलता एमलिनकाकांचा फोटो उतरवला. मी परत लावला. त्यांनी परत उतरवला. म्हणाले, "मी त्याच्या खांद्याला खांदा लावून उभा होतो गं," आणि एवढा मोठा माणूस माझ्यासमोर पिंपावर हात टेकून हुंदके द्यायला लागला. मला कुठे बघावं ते कळेना. फोटो सध्या डिल्विनकाकांच्या घरी, कपाटावर आहे. काल आयवरकाका आले नाहीत. त्यांच्या टेबलावरचं कुणीच आलं नाही. अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होत्या, आणि जमलेल्या पैशांत अर्ध्याच छपराचं काम होईल. कोणतं अर्धं, यावर गायकांची भांडणं सुरू झाली आहेत.

मिसेस प्रॉसर आल्या. कोट काढला, खुंटीला लावला आणि दाराशी टेबलापाशी उभ्या राहिल्या. मला म्हणाल्या, "तुझ्या बोपाचा फोन आला होता. इतकी वर्षं साठवलेलं सगळं बोलले. तिला एक अक्षर कळलं नाही. किती बरं वाटलं म्हणून सांगू!"

डिल्विनकाकांनी पट्टी फाडली. अर्धी त्यांना दिली. आणि बोपा, उरलेली अर्धी घेऊन त्यांचा हात जाकिटाच्या खिशाकडे गेला! सगळ्यांच्या देखत. खिशात बोटं शिरलीसुद्धा. डिल्विनकाका स्वतःच्या हाताकडे असे बघत होते, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

"सवय गं, ऑलवेन," ते म्हणाले आणि तिकिटं पिंपात टाकली. मग झाकण उघडून ती आत आहेत ना, ते परत बघितलं.

पिंप फिरलं. बेटीने हात घातला. बक्षीस खालच्या गावातल्या एका शिक्षकाला लागलं, जो कुणाच्याच ओळखीचा नाही. आणि आपल्याकडे हरल्यावर जे होतं ते व्हायला लागलं. तुला ठाऊकच आहे. जो हरतो तो ओरडतो, "हे सगळं आधीच ठरवलेलं असतं!" आणि कुणीतरी उलट ओरडतं, "पुढच्या वेळी जास्त तिकिटं घे, कंजूष!" बेटीचा नवरा ओरडला, डॅड ओरडले, हॉल हसत होता.

तेवढ्यात खुंट्यांखालून आवाज आला.

"हे सगळं आधीच ठरवलेलं असतं!"

मिसेस प्रॉसर. खणखणीत. त्यांचा एवढा मोठा आवाज त्या हॉलमध्ये कुणी ऐकलाच नव्हता.

हसू जागच्या जागी थांबलं. कुणी कप हातात धरून तसंच राहिलं, कुणी जमिनीकडे बघायला लागलं. डिल्विनकाका पांढरे पडले. मी मनात म्हणत होते, आता खुर्च्या फिरणार, पुन्हा तो आवाज येणार. मिसेस प्रॉसर पर्स मांडीवर घेऊन ताठ बसल्या होत्या. त्या रागावल्या नव्हत्या, बोपा. इतरांना मिळतं तसं उत्तर आपल्याला मिळेल म्हणून त्या थांबल्या होत्या. कुणी देईना.

मग एक खुर्ची सरकली. मम उभी राहिली होती. तिचे कान लालभडक झाले होते आणि आवाज मध्येच फाटला, पण ती ओरडली.

"पुढच्या वेळी जास्त तिकिटं घे, ऑलवेन प्रॉसर! कंजूष बाई!"

"घेईन की," मिसेस प्रॉसर म्हणाल्या, आणि चहासाठी कप पुढे केला.

नेरिस